पंधरा मिनिटांत थिजतं ते रक्त

करवत वडाच्या बुंध्यात वीतभर शिरली आणि लाल चिळकांडी उडाली. मजुराचं तोंड, छाती, पिवळं हेल्मेट, सगळं माखलं. त्याने करवत टाकली आणि किंचाळत पळ काढला. ल्यूत्सो फाट्यावर जमलेल्या दोन-अडीचशे माणसांपैकी निम्मी तिथल्या तिथे डांबरावर गुडघे टेकून बसली.

"झाडाला रक्त आलं! अगं बाई, रक्त!"

कुओ भगताच्या अंगात यायला नेमका तोच मुहूर्त सापडला. वडाला टेकून त्याचं पत्र्याचं देऊळ होतं. त्यातून तो उघडाबंब बाहेर आला, कमरेला लाल फडकं, हातात तलवार. तीच तलवार त्याने स्वतःच्या कपाळावर सपासप मारली. रक्ताने त्याचे डोळे भरले.

"अकरा गेले या फाट्यावर! अकरा आत्मे झाडात कोंडलेत! आपल्या जागी मरणारा बदली माणूस मिळाल्याशिवाय एकाचीही सुटका नाही! झाड तोडाल तर अकराचे बावीस होतील!"

देवांना पाढे पाठ असतात हे मला त्या दिवशी कळलं.

रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर वेई साहेब हात जोडत पुढे आले. "अहो, आत्मे नाहीत. या झाडामुळे वळणावरचा ट्रक दिसत नाही. रस्ता रुंद करू, स्कूटरींना वेगळी वाट देऊ, वळणाऱ्या ट्रकला वेगळा सिग्नल…"

पहिलं प्लास्टिकचं स्टूल त्यांच्या डोक्यात बसलं. मग उदबत्त्यांचं पितळी भांडं तोंडावर. पडल्यावर लाथा. जबडा मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. माझ्या हातात पाना होता, आणि मी तो हातातच धरून उभा राहिलो. याची लाज मला अजून वाटते.

मी आ-फा. ताईनान शहराबाहेरच्या याच फाट्यावर माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. अकरापैकी सात जणांच्या चेपलेल्या स्कूटरी माझ्याकडे आल्या. सातही उजव्या कडेने सरळ जाणाऱ्या, आणि सातही उजवीकडे वळणाऱ्या ट्रकखाली सापडलेल्या. भुतांना वळायचा इतका नाद कशाला असेल?

काम बंद पडलं. भगताने झाडाचं रक्त वाडग्यात धरून देवापुढे ठेवलं, करवतीची चीर लाल कापडाने बांधली, आणि दक्षिणा घेऊन ताईत वाटायला सुरुवात केली. वाडग्यात बोट बुडवून तो प्रत्येक स्कूटरच्या दिव्यावर टिळा लावी.

"बघा, आठ दिवस झाले! तरी ताजं! एक थेंब सुकला नाही!"

माझ्या दुकानाशेजारी बाओ-चू मावशीची गाडी लागते. डुकराचं रक्त नि तांदूळ एकत्र वाफवून त्याच्या वड्या ती विकते; वीस वर्षं पहाटे उठून हेच करते. अकरातला चौथा तिचा नवरा. भगताने तिला नेमकं तिथेच गाठलं होतं. "तुझा नवराच बदली शोधतोय. आणि रक्ताला रक्ताची ओढ असते, पोरीला जप!"

पोरगी यी-रू, वय एकोणीस, नर्सिंगला. मावशीने तिच्या स्कूटरला तीन ताईत बांधले.

"आई, ताईत बघून ट्रक ब्रेक मारतो का गं?"

"तोंड आवर. भगताचं कपाळ फुटलेलं दिसलं नाही तुला?"

"कपाळाची कातडी पातळ असते. नुसता ओरखडा काढ, नळ सोडल्यासारखं रक्त येतं. खरं धाडस असेल तर पोटात खुपस म्हणावं!"

"आणि झाडाचं?"

"ते तूच सांग. आपल्या घरात रक्तातलं तुला जास्त कळतं." यी-रू हसली, हेल्मेटचा पट्टा लावला. "आ-फा काका, हिला समजवा हो!"

मी खाली वाकून नट आवळत राहिलो. गिऱ्हाइकं तुटतील ही भीती होती, दुसरं काय!

नवव्या दिवशी सकाळी यी-रू कॉलेजला निघाली. हिरवा दिवा लागला, ती सरळ निघाली. तोच हिरवा दिवा खडीच्या ट्रकलाही होता, आणि तो वडाआडून उजवीकडे वळला. मागचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. मी आणि मावशी एकदमच धावलो. गुडघ्याखाली पाय म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मी पट्ट्याने मांडी आवळली. पोर शुद्धीवर होती, आणि आईचं नाव घेऊन ओरडत होती. तिन्ही ताईत हँडलला जसेच्या तसे होते.

रुग्णवाहिकेत मावशीला जागा दिली नाही. मी तिला बसवून मागोमाग न्यायला स्कूटर काढली, तर ती रस्त्यातच उभी. स्वतःच्या हातांकडे बघत होती. बोटं एकमेकांना चिकटली होती, रक्त काळसर पडून थिजलं होतं.

"आ-फा," ती म्हणाली, "रक्त पंधरा मिनिटांत थिजतं."

"मावशी, चला."

"वीस वर्षं थिजवून विकतेय मी. दुसऱ्या दिवशी काळं पडतं, वास मारतं. आणि त्या वाडग्यापुढे नऊ दिवस नाक घासलं मी!"

तिने गाडीवरचा सुरा घेतला आणि थेट देवळात शिरली. वाडग्यात बोट घातलं, जिभेला लावलं, थुंकली. "कांजी! कांजीत पूजेच्या कासवाच्या आकाराच्या वड्यांना घालतात तो लाल रंग!"

भगत तलवार घेऊन धावला. या वेळी मी पाना वापरला. त्याच्या मनगटावर बसला आणि तलवार फरशीवर पडली.

मावशीने चीर बांधलेलं कापड फाडलं, सुरा आत घालून फिरवला. करवतीने चिरलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर आली. तिच्यामागून आणखी चार अख्ख्या, सोयादुधाला वापरतात तशा, रबर लावून बांधलेल्या, त्याच लाल कांजीने भरलेल्या. देवळाच्या आतल्या बाजूने बुंध्याला मनगटाएवढं भोक पाडलेलं होतं, भुसा नि डिंकाने बुजवलेलं. करवत कुठे लागणार हे भगताला माहीत होतं, कारण करवत चालवायच्या आदल्याच दिवशी कामगारांनी बुंध्यावर पांढरा पट्टा मारला होता.

ज्यांनी इंजिनिअरला तुडवलं तेच आता भगताकडे वळले. त्याच लाथा, तेच स्टूल. तो खाली पडून रडू लागला. देव कुठल्या कुठे पळाला होता.

"थांबा!" मावशी ओरडली. सुरा अजून तिच्या हातात होता. "याला मारून सिग्नल बसणार आहे का? पोलिसांना द्या. आणि तो वड तोडायला या, ज्यांनी ज्यांनी गुडघे टेकले ते सगळे या!"

वड तिसऱ्या दिवशी पडला. आतून निघाला पांढरा चीक. वेई साहेब तारेने बांधलेल्या जबड्याने कागदावर लिहून सूचना देत होते. आता तिथे स्कूटरींची वेगळी वाट आहे, वळणाऱ्या ट्रकला वेगळा दिवा आहे. वर्ष झालं, बारावा कोणी गेला नाही. यी-रू कृत्रिम पायाने तोच फाटा ओलांडून कॉलेजला जाते.

तुम्हाला एवढंच सांगतो. उद्या तुमच्या गावात एखादं झाड, दगड नाहीतर मूर्ती रक्त ओकू लागली, तर गुडघे टेकू नका, कुणाच्या डोक्यात स्टूलही घालू नका. फक्त पंधरा मिनिटं थांबून बघा. आम्ही नऊ दिवस थांबलो, पण बघितलं नाही. त्याची किंमत एका पोरीने पायाने मोजली.