एक घर वजा

मित्रांनो, काचेमागे सुई असलेला जुना अमीटर मी. तारेतून विद्युतधारा किती वाहते ते सांगणे, हेच माझे काम. कर्जतच्या एका शाळेत आलो तेव्हा मुले मला जपून हाताळत. मग एकदा बाकावरून पडलो. तेव्हापासून धारा नसतानाही माझी सुई शून्याच्या एक घर पुढे उभी राहते. ती मागे आणायचा स्क्रू गंजून बसला आणि मी कपाटात गेलो.

परवा प्रवीण सरांनी कपाट उपसले. बाहेर भंगारवाल्याचा टेंपो उभा होता.

"आज नियम पडताळू. जो मीटर चुकेल तो टेंपोत," सर म्हणाले.

नियम सोपा आहे. कालव्याचे पाणी दोन पाटांत वाटले, तर दोन्ही पाटांचे मिळून कालव्याएवढेच भरते. तार दोन फाट्यांत वाटली, तर धारेचेही तसेच.

कोंडाण्याकडच्या वाडीवरची ललिता आणि भिसेगावची जागृती यांनी मला आळीपाळीने तिन्ही जागी जोडले. मुख्य तारेत मी अकरा घरे दाखवली. एका फाट्यात सात, दुसऱ्यात पाच.

"सात नि पाच बारा. जुळत नाय गं," ललिता म्हणाली.

"पाचाचे चार कर. पोटात कावळे ओरडतायत," जागृती म्हणाली.

"खोटं कशाला लिवू?"

"मग जाऊ दे टेंपोत. तुझा काय आजोबा लागतो?"

सर जवळ आले. त्यांनी हात पुढे केला. ललिताने माझ्या तारा सोडल्या. मला तोंड नाही, मित्रांनो. जी होती ती सुई. ती शून्याच्या एक घर पुढे येऊन उभी राहिली.

बाहेर हॉर्न वाजला. ललिता मला देता देता थबकली.

"सर, वायर काढली तरी ह्यो एक घर पुढंच हाय."

"मग?"

"म्हंजे दर येळी एक जादा दाखवतो."

तिने एकेक वजा केला. अकराचे दहा, सातांचे सहा, पाचांचे चार.

"सहा नि चार दहा," जागृतीच आधी बोलली. "जुळलं की गं."

सरांनी मला पुन्हा स्वतः जोडून पाहिले. मग त्यांनी माझ्या कपाळावर कागदाची पट्टी चिकटवली: 'एक घर वजा करा.' टेंपो मला न घेताच गेला.

मित्रांनो, नेहमी तेवढेच चुकणाऱ्याला नीट ओळखले, तर त्याच्यावर विसंबता येते. म्हणून तारा जोडण्याआधी आमच्या सुईकडे एकदा पाहा. आणि आकडा जुळला नाही तर तो बदलू नका. तो काय सांगतो आहे, ते आधी विचारा.