यॉसाठी एक पान

अपडेट झाल्यापासून माझ्या नवऱ्याचा, यॉचा, जुना लॅपटॉप 'डिस्क सापडत नाही' एवढंच सांगत होता. शनिवारी यॉचा अंत्यविधी. तिथे वाटायच्या आठवणींच्या पुस्तिकेत बायकोने लिहिलेलं पान हवंच, आणि इथला, कुमासीतला, छापखाना आज तीनला बंद होणार. ते पान ह्याच लॅपटॉपमध्ये होतं.

"ताई, सगळं पुसून नव्याने टाकू का?" दुरुस्तीवाल्या फुसेनीने विचारलं.

"नको. त्यात मी लिहिलेलं आहे."

"मग पुन्हा लिहा की! तुमचंच तर आहे."

मला एक वाक्यही आठवेना. पंधरा दिवस, बाळ झोपलं की मी लिहायला बसत होते, एवढंच आठवत होतं.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉप सुरू होण्याची जुनी पद्धत परत लावली. "नवी रीत म्हातारबांना झेपत नाही हो," तो हसला. लॅपटॉप सुरू झाला.

मी फाइल उघडली. वर यॉचं नाव होतं, खाली कोरं पान. पुसलं काहीच गेलं नव्हतं; पंधरा दिवसांत मी त्या नावापुढे गेलेच नव्हते.

 फुसेनीने माझ्या पाठीशी बांधलेलं बाळ सोडवून स्वतःकडे घेतलं. "दोनच वाजलेत. लिहा."

मी लिहिलं, 'बाळाला अंघोळ घालण्याआधी तो स्वतःच्या कोपरावर पाणी ओतून बघायचा.'

छापायला तेवढंच दिलं.