बादलीने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे, आणि मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

माझं अंग म्हणजे रंगाची रिकामी बादली. तिच्यावर तांब्याची तार गच्च गुंडाळली की झाले मी तयार. हौशी रेडिओवाल्यांमध्ये काही जणांना फार लांबलचक लहरींचा नाद असतो. त्या लहरींना साजेशी तार उभारायची तर अख्खं गाव ओलांडावं लागेल. छपरावर तेवढी जागा कुणाकडे असणार? ती उणीव मी वेटोळ्यांनी भरून काढते. चालू असताना मात्र मला हात लावू नये. चटका बसतो आणि बोटावर पांढरा डाग राहतो.

मला गुंडाळलं एका चष्मेवाल्याने. सुरुवातीला त्याने माझे फार लाड केले. "गुणाची गं माझी बादली," म्हणत पाठ थोपटायचा. मग त्याने बाजारातून चकचकीत डब्यातली कॉइल आणली आणि माझी रवानगी गच्चीच्या कोपऱ्यात झाली. माझ्यात पाणी साठलं, शेवाळ धरलं. एकदा तर त्या पाण्यात गच्चीचा झाडू बुचकळला गेला. त्या झाडूलाही मी लक्षात ठेवलं आहे.

तिथून मला उचललं त्याच्या साडूने. हे घड्याळजी.

"ही नेऊ का?" त्यांनी विचारलं.

"न्या की," चष्मेवाला म्हणाला. "मोजे भिजवायला होईल."

घड्याळजींनी मला धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं. पण या दोन साडूंमध्ये माझ्याहून जुनं एक दुखणं होतं. त्यांचे सासरे तारखात्यात होते. दोन्ही जावयांना रेडिओचं वेड त्यांनीच लावलं. त्यांची तारा पाठवायची, कडकट्ट वाजणारी पितळी कळ धाकट्या लेकीला, म्हणजे घड्याळजींच्या बायकोला मिळायची होती. चष्मेवाला "नीट पुसून देतो" म्हणून ती घेऊन गेला. अजून पुसतोच आहे. त्याच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात.

एकदा सगळ्या नातेवाइकांसमोर घड्याळजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, ती मागितली.

"देईन की," चष्मेवाला म्हणाला. "ज्या दिवशी त्या बादलीतून तुमची हाक माझ्या घरी पोचेल, त्या दिवशी घेऊन जा. मध्ये टेकडी आहे तेवढी."

सगळे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्या मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या. घड्याळजी माझ्यापाशी बसले.

"साधी कडकट्ट पाठवतो," ते म्हणाले.

"दाजी म्हणतील, ऐकूच आली नाही."

"मग अगदी सावकाश पाठवतो. एकेक ठिपका मिनिटभर. पडद्यावर रेघ उमटते."

"म्हणतील, ट्यूबलाइटची खरखर आहे."

"टाइप करून मजकूर जातो. पण जोर जास्त लागतो, आणि वाचायला त्यांनी समोर बसायला हवं."

"ते कशाला बसतील?"

"मग उरला एकच प्रकार," घड्याळजी म्हणाले. "त्यात गप्पा नाहीत. रेडिओवरचं आपलं नाव, ठिकाण आणि जोर, एवढंच दोन मिनिटं रांगत जातं. पण कितीही क्षीण असलं तरी पलीकडचा कॉम्प्युटर स्वतः ओळखतो. कुणी ऐकलं, तेही जगाच्या नकाशावर आपोआप टाकतो. दाजींनी त्यांच्या कॉम्प्युटरवर ते चालूच ठेवलं आहे, मिरवायला."

बाईंच्या हातातला मोजा थांबला. "म्हणजे दाजींना विचारायचंच नाही?"

"नाही."

"त्यांचा कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

"अजून शिकवलेला दिसत नाही."

रविवारी चष्मेवाल्याकडे सगळ्यांचं जेवण होतं. घड्याळजींचं पोट बिघडलं, असं बाईंनी तिथे सांगितलं. पोट ठणठणीत होतं. बाईंचा फोन पर्समध्ये चालू होता आणि घड्याळजींचा माझ्याशेजारी.

"हे बघा, समुद्रापलीकडचं स्टेशन," चष्मेवाल्याचा आवाज आला. त्याने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता. "माझं मशीन काही सोडत नाही, आणि चुकत तर मुळीच नाही."

आम्ही पहिली हाक पाठवली. काही नाही. घड्याळजींनी यंत्र बंद करून माझं एक वेटोळं सोडवलं आणि पुन्हा पाठवली. पलीकडे फक्त ताटवाट्यांचे आवाज. तिसऱ्या वेळी मी अंगातली सगळी गच्ची आठवली. शेवाळ, झाडू, मोजे.

"अहो," बाईंच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, "हे आपल्या घड्याळजींचं नाव ना?"

"चुकून आलं असेल."

"आत्ताच म्हणालात, मशीन चुकत नाही."

"थांब, बंदच करतो."

"करा की दाजी," बाई म्हणाल्या. "नकाशावर चढलं. ताईच्या फोनवर बघा. ऐकणाऱ्याच्या जागी तुमचंच नाव आहे."

 मग कपाटाची काच सरकल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी कुठल्याच लहरीवर ऐकलेला नाही.

संध्याकाळी चष्मेवाला स्वतः कळ घेऊन आला. बाईंनी ती पदराने पुसली. त्याला इतकी वर्षं न जमलेलं पुसणं एका झटक्यात झालं. चष्मेवाल्याची नजर माझ्यावर गेली. मी चकचकीत होते, आणि चालू होते.

"गुणाची गं माझी बादली," तो म्हणाला आणि थोपटायला हात पुढे केला.

घड्याळजी काहीतरी सांगायला तोंड उघडणार होते. बाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

तो चटका विजेचा होता, असं घड्याळजी म्हणतात. असेल.

आता बाई स्वतः त्या कळीवर बोट ठेवतात, आणि रविवारी जेवणाच्या वेळी आम्ही टेकडीपलीकडे एक हाक न चुकता पाठवतो. म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना पुसा, कोरड्या ठेवा, दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत करा. आमचं बोलणं फार सावकाश असतं, पण टेकडी ओलांडतं.

तो झाडू अजून चष्मेवाल्याच्या गच्चीवरच आहे. त्याचंही बघू.