झाकण लावायचा मान

धाकटीचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्यांकडून साचे यायचे, त्यांवर ही दात बसवायची, घासायची, चकचकीत करायची. त्यामुळे मागच्या शेडमधली बाबांची गंजलेली गाडी मी घरीच दुरुस्त करणार, असं तिने जाहीर केलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे आता गाडीलाही दात बसवणार?"

"बसवीन की. तोंड उघडून गप्प राहणारं गिऱ्हाईक मिळतंय कुठे?"

अडीच वर्षं झाली होती त्याला. दर शनिवारी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन ती शेडमध्ये शिरायची आणि संध्याकाळी नखशिखांत तांबडी होऊन बाहेर यायची. एका वेल्डरला बोलावून गाडीचा तळ नवा करून घेतला होता, कारण जुना पत्रा बोटाने दाबला तरी भुगा व्हायचा. जाम झालेलं इंजिन तेल पाजून पाजून सोडवायला वर्ष गेलं. काढलेला प्रत्येक बोल्ट कवळीच्या एकेका डबीत चिठ्ठी लावून ठेवलेला. गाडीवर हात बसला होता तिचा. पण खरं कारण गाडी नव्हतीच, दादा होता.

एकतीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांच्या दादाने ही गाडी पहिल्यांदा एकट्याने बाहेर काढली आणि ती दोरीला बांधून ओढत घरी आली. इंजिन जाम. बाबांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, वरून बघितलं, आत पाण्याचा थेंब नाही. दादा म्हणाला, "निघताना बघितलं होतं बाबा, काठोकाठ होतं." बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. घरी आलेल्या पत्रांतल्या चुकाही लाल शाईने दुरुस्त करणारा माणूस. सगळी गल्ली ऐकत असताना ते म्हणाले, "निष्काळजी तो निष्काळजी, वर खोटारडा! तुझ्या हातून काही धड व्हायचं नाही."

तीन महिन्यांत दादाने दुसऱ्या गावात नोकरी धरली. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्याच्या घरी गाडी त्याची बायको चालवते, तो शेजारी बसतो. महिन्यातून एकदा बसने बाबांना भेटायला येतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, शेडकडे मान वळवत नाही. आणि कुठेही निघताना गॅसचं बटण तीनदा, नळ तीनदा, कुलूप तीनदा ओढून बघतो. त्याची मुलं त्याला 'तपासनीस' म्हणतात. धाकटीही म्हणते. सगळे पोट धरधरून हसतात, तोही हसतो.

त्याला एकदा त्या सीटवर बसवायचं, एवढाच धाकटीचा हट्ट होता. त्या शनिवारी दादा चार वाजता यायचा होता. दोन वाजता तिने रेडिएटर साफ करायला घेतला.

उलटा करून हलवला तर गंजाचा चुरा पडला, पण आत काहीतरी खुळखुळतच राहिलं. असेल एखादा तुकडा, म्हणून तिने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि बॅटरी आणली आणि झाकणाच्या तोंडातून आत घातली. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात, तोंडापासून लांब, पाणी जिथून बारीक नळ्यांत उतरतं तिथे काहीतरी काळं चिकटून बसलं होतं. आणि त्याच्या मागून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

तिने किंचाळायचंच बाकी ठेवलं. मग चिमटा घालून हळूहळू ओढलं. आधी रेनकोटच्या कापडाची चौकोनी घडी आली, कडेला लाल दोऱ्याची शिवण असलेली. तिच्यामागून अंगठ्याएवढा रबरी मासा आला, दगडासारखा कडक झालेला.

धाकटी तिथेच जमिनीवर बसली.

मासा तिचा होता. तो हरवला म्हणून ती आठवडाभर रडली होती. पाण्यात भिजणार नाही असं माशाचं अंथरूण आईने फाटक्या रेनकोटचं शिवून दिलं होतं. आणि आता, चिमटा हातात असताना, तिला ती सकाळ लख्ख दिसली. दादा वाकून पाणी बघतोय. "काठोकाठ आहे. धाकटे, लाव झाकण!" झाकण लावायचा मान तिचा होता. दादा किल्ली आणायला आत गेला आणि पाच वर्षांच्या तिने इथे केवढं पाणी आहे म्हणून माशाला अंथरुणासकट आत झोपवलं, बोटांनी खाली ढकललं आणि झाकण घट्ट लावलं. अंथरूण नळ्यांच्या तोंडांवर बसलं असणार. पाणी उकळून वाफ होऊन गेलं असणार.

मी केलं हे. मी, आणि भोगलं दादाने. तिला दुसरा विचारच सुचेना.

कवळीच्या डबीत मासा ठेवून ती ओसरीवर गेली. शहाऐंशी वर्षांचे बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. तिने नुसती डबी पुढे केली.

बाबांनी चष्मा वर केला. डबीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "टिकलाय की अजून."

"काय?"

"रबर टिकेल असं वाटलं नव्हतं मला."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी विकायची ठरवली होती, तो गेल्यावर. गिऱ्हाईक यायच्या आधी बॅटरी लावून कानाकोपऱ्यात नीट बघितलं, तर मासा दिसला." बाबांनी पेपरची घडी घातली. "म्हणून तर विकली नाही."

"आणि त्याला सांगितलं नाहीत? एकतीस वर्षं?"

"तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या माथी मारायचं होतं का?"

"म्हणून त्याच्या माथी ठेवलंत?" तिचा आवाज इतका चढला की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "माझं नाव पुढे करू नका बाबा. पाच वर्षांच्या पोरीला कोणी काय म्हणणार होतं? तुम्हाला तुमचा शब्द मागे घ्यायचा नव्हता!"

बाबांनी नाही म्हटलं नाही. "पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "तीनदा. प्रत्येक वेळी वाक्य चुकायचं."

बापाचा इतका राग धाकटीला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुठे ठेवावा हेही कळत नव्हतं, कारण डबी तिच्याच हातात होती आणि मासाही तिचाच होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. दादा आला होता, हातात फळांची पिशवी. तिघांचे चेहरे बघून पायरीवरच थबकला. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

धाकटीने डबी बाबांच्या मांडीवर ठेवली. "सांगा."

बाबांनी डबीवर हात ठेवला. "त्या दिवशी," ते म्हणाले, "पाणी होतं रे. तू खरं बोलत होतास. मला कळलं नंतर, पण मी सांगितलं नाही."

कोणता दिवस, असं दादाने विचारलं नाही. धाकटीने रडत रडत मासा, अंथरूण, झाकण सगळं सांगितलं. ती माफी मागत होती, पण ते त्याच्या कानांत शिरत नव्हतं. त्याने पिशवी खाली ठेवली, कठड्याला धरलं आणि तिलाच विचारलं, "मी बघितलं होतं ना? तू होतीस ना तिथे?"

"होते. वाकून बघितलंस. काठोकाठ आहे म्हणालास."

"बघितलं होतं," दादा म्हणाला. मग बाबांकडे न बघता म्हणाला, "पहिली काही वर्षं मला पक्कं आठवायचं. मग वाटायला लागलं, नसेलच बघितलं. बाबा म्हणतात म्हणजे नसेलच. तेव्हापासून मला माझा भरवसाच वाटत नाही. म्हणून सगळं तीन-तीनदा..."

'तपासनीस' म्हणून आपण किती हसलो, हे आठवून धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा त्या दिवशी गाडीत बसला नाही. तिनेही आग्रह केला नाही. चहा तसाच ठेवून तो साडेपाचच्या बसला निघाला. बाबा खुर्चीतून उठायला धडपडत होते, तो म्हणाला, "बसा बाबा, मी येईन पुढच्या महिन्यात."

धाकटी पायरीवर उभी राहून बघत होती. बाहेर जाऊन त्याने फाटकाची कडी लावली, चार पावलं गेला, परत फिरला आणि कडी ओढून बघितली. मग पुन्हा एकदा.