चढणीवरची मोजणी

सुयोगने आईचं मनगट आपल्याकडे वळवलं आणि घड्याळाच्या काचेवर बोट टेकवलं. आकडे उजळले. आठशे बारा.

"हे आजचं?"

"मग काय उद्याचं दाखवील?" भागीरथी म्हणाली आणि मोकळ्या हाताने म्हशीपुढे पेंढा सारत राहिली.

दुपारचे तीन वाजले होते. शहापूरच्या डॉक्टरांनी साखर पाहून दिवसाला सहा हजार पावलं सांगितली होती. सुयोगने त्याला स्वतःची अट जोडली होती : आठवडाभर सहा हजार भरली तर आईने इथे गावी, शेणव्यातच राहायचं, नाही भरली तर म्हैस विकायची आणि कल्याणला तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, रुचिताच्या, नजरेखाली यायचं. भागीरथीने अट हसत मान्य केली होती.

सुयोग भिवंडीच्या गोदामात माल तपासायचा. कागदावर नसलेला खोका त्याच्या लेखी बनलेलाच नसे. घड्याळ पंधराशे रुपयांचं असलं तरी ते त्याने डोळे झाकून घेतलं नव्हतं. सोसायटीला दहा फेऱ्या मारून, तोंडाने पावलं मोजून, आकडा ताडून पाहिला होता. फरक निघाला चौदाचा. घड्याळ पास झालं होतं. आता आईची तपासणी चालू होती आणि सहा दिवसांत तिने पंधराशे पावलांचा आकडा एकदाही ओलांडला नव्हता. आज सातवा दिवस. घड्याळ परत घ्यायची दुकानदाराची मुदतही आजच संपत होती.

"काढून ठेवतेस ना?"

"न्हाताना पण हातातच असतं. तूच म्हणालास, पाण्यानं काय होत नाय."

"म्हणजे बसून असतेस."

भागीरथीचा हात पेंढ्यावर थांबला. म्हशीने मान पुढे काढली, तरी तो हलला नाही.

कुंपणापलीकडे कमळाकर काका विळ्याला धार लावत होते. त्यांना वाटलं, आपण आता वहिनींच्या बाजूने बोलावं.

"सुयोग्या, तुझं यंत्रच खुळं हाय. मंगळवारी भजनापुरतं मी मागून घातलेलं. भजनात तासभर झांजा वाजवल्या, मांडी घालून. बाराशे पावलं चाललो."

सुयोगने मोबाइलमध्ये पाहिलं. "मंगळवारी तेराशे चाळीस आहेत. म्हणजे त्यातली बाराशे तुमची?"

"माझीच."

"मग आईची उरली एकशे चाळीस."

काका पुन्हा विळ्याकडे वळले.

भागीरथीने पट्टा सोडला. घड्याळ मुलाच्या मनगटावर चढवलं आणि खुंटीवरची चुंबळ काढून त्याच्या हातात दिली.

"चल. ओहोळाजवळ भारा बांधून ठेवलाय. घेऊन ये."

दोघं खाली उतरली, मागोमाग काकाही. भाऱ्यापाशी सुयोगने आकडा पाहिला : चौदाशे तीस. काकांच्या मदतीने भारा डोक्यावर आला, तशी मान खांद्यात गेली. गवताची पाती डोळ्यांवर लोंबू लागली. भारा एका बाजूला कलला, म्हणून एक हात वर गेला; मग दुसराही. हात वरच ठेवून तो चढण चढला. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त स्वतःची बोटं आणि दगड. अंगणात आल्यावर त्याने भारा जवळजवळ फेकलाच आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. मग घड्याळ पाहिलं.

चौदाशे एक्केचाळीस.

त्याने काच शर्टाला पुसून पुन्हा पाहिलं.

"अकरा," तो म्हणाला.

"दिवसाला आठ भारे आणते, जाताना डोक्यावर शेणाची पाटी," मागून येत भागीरथी म्हणाली. "अकरा आठे तू कर."

"हात हलला तरच मोजतं गो ते."

"हातानं भारा धरू का हलवत बसू?"

काका हसले. सुयोगही हसला, पण खाली बघून. "आये, चुकलं माझं. कल्याणचं रद्द. काका, तुमी साक्षी." त्याने पिशवीतून खोकं आणि बिल काढलं. "सहाच्या आत शहापूरला पोचलो तर हे परत घेतील."

"परत नको देऊस."

"पावलं मोजत नाय ते."

"पावलांचं नाय. तो लाल बदाम असतो ना, त्याच्या बाजूचा आकडा, छातीच्या ठोक्यांचा. तो बरोबर दाखवतो." भागीरथीने हात पुढे केला. "एकशे चाळीस झाला की मी भारा उतरते. जरा टेकते. खाली आला की परत उचलते. आधी समजायचं नाय, कधी थांबायचं ते."

"किती वेळा थांबतेस?"

ती पदराने मान पुसू लागली.

सुयोगने चढणीकडे पाहिलं. भारा डोक्यावर असताना त्याला काही दिसलं नव्हतं. आता दिसत होतं. पायवाटेच्या कडेला जागोजागी गवत दबलेलं होतं, वाळक्या काड्या सांडलेल्या होत्या. एक जागा ओहोळाच्या वरच. एक करवंदीपाशी. एक मोठ्या दगडाला लागून. त्याने सवयीने मोजल्या. सहा होत्या. सहावी गोठ्यापासून पंधरा पावलांवर होती, आणि तिथल्या काड्या अजून हिरव्या होत्या.

काकांचंही हसू थांबलं होतं.

सुयोगने बिल खोक्यात ठेवलं, घड्याळ काढलं आणि आईच्या मनगटावर बांधायला घेतलं.

"कल्याणचं रद्द म्हणालास ना?" भागीरथीने विचारलं.

तो पट्ट्याचं भोक शोधत राहिला.