तपासनिसाचा गुडघा

सकाळचा चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "अहो, माझी बदली झाली. आजपासून बाजारामागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर."

सिलिंडरवाल्याच्या हातातला कप बशीवर आपटला. आग विझवायची लाल सिलिंडरं दरवर्षी उघडायची, ताजी पावडर भरायची, वर नव्या तारखेची चिठ्ठी लावायची, हा त्याचा धंदा. त्या इमारतीत मात्र तो तळमजल्यावरचीच सिलिंडरं भरायचा. वरच्या मजल्यांवर नुसती चिठ्ठी!

तुम्ही म्हणाल, माणूस मुळातच वाईट. तसं नव्हतं. शेजारपाजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारा गृहस्थ होता तो. पण इमारतीला लिफ्ट नाही आणि सिलिंडरं तपासायला येणाऱ्या तपासनिसाचा गुडघा दुखतो, म्हणून तो खाली बसूनच सगळ्या चिठ्ठ्यांवर सही करतो, हे त्याने तीन वर्षं पाहिलं होतं. मिळेल काय, बघेल कोण, सापडलो तर होईल काय, असा थंड डोक्याने विचार करूनच त्याने हे सुरू केलं होतं.

आता त्याला तो चौथा मजला आठवला. तिथे जिना एकच, खिडक्यांना गज. "तू जाऊ नकोस," तो कसाबसा म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

बायकोने चहाचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "आजवर तिथे बसायची तीही कुणाची तरी बायकोच होती ना?"

"माझी बुद्धी फिरली होती गं."

"फिरली नव्हती. चांगली चालवलीत, म्हणून तर मला तुमची भीती वाटते. पण विचार करून केलंत, तर विचार करून थांबताही येईल."

"सांगितलं तर परवाना जाईल."

"जाऊ दे. मी दहाला कामावर जाणार आहे."

साडेनऊला तो तपासनिसाच्या टेबलापुढे उभा होता. "साहेब, वर चला. खांद्यावर हात टाका माझ्या."

चौथ्या मजल्यावर त्याने सिलिंडरची कळ दाबली. काहीच आलं नाही. चिठ्ठीवरची स्वतःची सही बघून तपासनीस घामाघूम झाला. बायको पलीकडच्या टेबलाशी पर्स धरून उभी होती.

परवाना वर्षभरासाठी गेला. पण त्याआधी त्याने स्वखर्चाने सगळी सिलिंडरं भरली, आणि तपासनीस कण्हत का होईना, प्रत्येक मजला चढला.

मंडळी, जिथे कुणी तपासायला येत नाही, तिथे भला माणूसही घसरतो. आज कामावर गेलात की भिंतीवरचं सिलिंडर शेवटचं कधी उघडलं, एवढं विचारा. आणि भरणारे तुम्हीच असाल, तर वर कोण बसतं ते आधी बघून या.