पाइपाच्या मापाची चाकं

गाडी माझी आहे. भाच्याची नाही, शेजारच्या पोराची नाही. दोन हजार तीनच्या दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा बाकीच्यांनी साड्या घेतल्या, मी रिमोटवर चालणारा ट्रक घेतला. कॉलनीतल्या बायका अजून विचारतात, "मीना, लग्न नाही, लेकरू नाही, मग हे कुणासाठी गं?" माझ्यासाठी. काय म्हणणं आहे?

सातपूरच्या एका कारखान्यात मी कामाला आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय, फर्स्ट क्लास, पण सहा वर्षं हजेरीपत्रकावर हेल्पर म्हणूनच. गेल्या महिन्यात गेटपासून पंपहाउसपर्यंत नवी केबल टाकायची होती. जमिनीखालून नऊ इंची सिमेंटचा पाइप जातो, साठ मीटरचा. आत गाळ साचलेला, घातलेली सळई अर्ध्यातच अडकली. आमच्या खात्याचे कुलथे साहेब म्हणाले, रस्ता खोदा, कंत्राटदाराला बोलवा.

मी म्हटलं, "सर, माझा ट्रक आतून दोरी घेऊन जाईल. मग दोरीला केबल बांधायची आणि ओढायची."

सगळे खो खो हसले. साहेब हसले नाहीत. "शनिवारपर्यंत करून दाखव. जमलं तर टेक्निशियनसाठी तुझं नाव वर पाठवतो. नाही जमलं तर सोमवारी खोदकाम, आणि तू स्टोअरमध्ये ड्रम उचलायला."

बुधवारी गाडी आत सोडली. वीस मीटरवर ती पाइपाच्या भिंतीवर चढली आणि उलटली. दोरीनं ओढून काढली, तर मागचे दोन्ही टायर फाटलेले आणि एका चाकाला तडा. हसणाऱ्यांची दिवाळीच झाली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

त्याच पाइपाचा एक फुटका तुकडा भिंतीशी पडला होता. त्यात चाक धरून पाहिलं. टायर रुंद आणि सपाट, पाइप गोल, म्हणजे सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर. जरा तिरपी झाली की गाडी वर चढणारच. आधी का नाही पाहिलं, म्हणून स्वतःलाही दोन शिव्या घातल्या.

गुरुवारी तो तुकडा गोणीत घालून बसनं कॉलेज रोडला गेले. कंडक्टर म्हणाला, "ताई, हे काय?" म्हटलं, "पाइप आहे. तिकीट लागतं का त्याला?" तो पुढे गेला.

तिथं अशा गाड्यांचं सामान विकणारं एकच दुकान, ललितशेठचं. त्यांच्या काउंटरवर मी तुकडा ठेवला.

"अहो, अहो, काच!"

"काच फुटली तर मी आहे. ट्रकची चाकं दाखवा."

त्यांनी सगळ्यात मोठी, काटेवाली चाकं काढली. "ही घ्या, चिखलात यांना तोड नाही. मुलगा खूश होईल."

"मुलगा नाही. मी खूश व्हायला पाहिजे." चाक पाइपात उभं केलं. नुसत्या कडेवर तोललेलं, मधले काटे अधांतरी. गाळात ते काटे भरले असते ते वेगळंच. त्याहून लहान काढली, तीही तशीच. सात-आठ जोड झाले तेव्हा शेठ वैतागले आणि मीही. शेवटी खालच्या खणातून एक खोका निघाला. लहान चाकं, अरुंद, कडा गोलसर. रबर अंगठ्यानं दाबलं तर मऊ. पाइपात ठेवलं तर जागच्या जागी बसलं. मधलं षटकोनी भोक माझ्या गाडीच्या दांड्याला बरोबर लागलं.

"ताई, ही रस्त्यावरच्या छोट्या गाडीची. ट्रकला शोभणार नाहीत. पोट खाली येईल."

"पोट खालीच पाहिजे, म्हणजे उलटणार नाही. आणि पाइपात शोभा बघायला कोण बसलंय?"

"फसली तर परत घेणार नाही हां."

"परत द्यायला येणारच नाही मी."

शुक्रवारी टायर रिमला चिकटवले आणि दिवसभर सुकू दिले.

शनिवारी साहेब पिशवी घेऊनच आले. पिशवीत पुतण्याच्या रिमोटच्या गाडीची चाकं, तसलीच मोठी, काटेवाली. "ही लाव. बाहेरच्या देशातली आहेत. तुझी ही बटणं काय कामाची?"

"नाही सर. माझ्या गाडीला माझी चाकं."

"मी सांगतोय ते लाव."

"मग गाडी तुम्ही चालवा." मी रिमोट पुढे केला. आजूबाजूला कुणी हसलं नाही.

"फार उर्मट झालीस, मीना."

"झालेय."

"फसलं तर जबाबदारी तुझी."

"आणि जमलं तर?" त्यांनी पिशवी उचलून बाजूला ठेवली.

गाडीला मागून नायलॉनची दोरी बांधली. गाडीच्या अँटेनाला लांब बारीक तार जोडून तिचं टोक माझ्याजवळ ठेवलं, नाहीतर जमिनीखाली गाडीला रिमोट ऐकू येत नाही. दोरीवर दर पाच मीटरला खूण होती. पाच, दहा, पंधरा. विसाला दोरी थांबली. थोडी मागे घेतली, परत पुढे. दोरी सरकली! पंचवीस, तीस, होता होता साठ. पंपहाउसच्या तोंडाशी गोटीरामदादा बसले होते, पेठ तालुक्याकडचे, निवृत्तीला आलेले. तिकडून त्यांची आरोळी आली, "आली! ताई, लय झकास, गाडी आली!"

मी रडले. लाज कसली त्यात?

साहेब मोबाइलवर सांगत होते, "हो सर, आपल्या टीमनं केलं." मग माझ्याकडे वळले. "अजून तीन पाइप आहेत. तेही आजच करून टाक."

"माझं नाव, सर?"

"बघू गं, सोमवारी."

बघू! सहा वर्षं या एका शब्दावर काढली मी. तोवर दादा गाडी हातात घेऊन आले होते, चिखलानं माखलेली. मी तिची बॅटरी काढून पर्समध्ये टाकली आणि तिथंच कट्ट्यावर बसले.

"या तीन पाइपांना टेक्निशियन लागेल, सर. आधी माझ्या नावाचा कागद करा. मी इथंच आहे."

साहेब लालबुंद झाले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग म्हणाले की आत्ता पेन नाही.

गोटीरामदादांनी आपल्या खिशातलं काढून त्यांच्यापुढे धरलं.